ऐंशीला एक कमी

आमच्या बाईंचा फोन नंबर कुणाला म्हणून कधी लिहून घेता आला नाही. लपवायच्या वगैरे अजिबात नाहीत. विचारला की लगेच सांगायच्या, पण मराठीत आणि जोडीजोडीनं. पहिल्या 'अठ्ठ्याण्णव'पर्यंत समोरचा टिकून असायचा. पुढे 'एकोणसत्तर' आलं की पेन थांबायचं, 'त्र्याऐंशी'ला माणूस कसनुसं हसायचा आणि म्हणायचा, "बाई, तुम्हीच मिस्ड कॉल द्या ना."

"का? तुला लिहिता येत नाही?" बाई विचारायच्या. तो टोमणा नसायचा. त्यांना खरंच प्रश्न पडलेला असायचा.

एकदा शाळेच्या गेटवर कुरियरवाला आला आणि त्याने ओटीपी विचारला. बाई म्हणाल्या, "चौऱ्याऐंशी, एकोणसाठ." तो बिचारा म्हणाला, "मॅडम, हिंदी में बोलिए ना." बाईंनी ताबडतोब हिंदीत सांगितलं, "चौरासी, उनसठ." आता आली का पंचाईत! त्याला उनसठही येईना. दोघं पाच मिनिटं गेटवर एकमेकांकडे बघत उभी. शेवटी त्याने फोन पुढे केला आणि बाईंनी स्वतःच्या बोटाने आकडे दाबले, पण त्याआधी उनसठ म्हणजे किती ते त्याला शिकवलंच. पुढे तो आमच्या रस्त्याला आला की गेटवरूनच हाक मारायचा, "मॅडम, उनसठ!" बाई वरच्या मजल्याच्या खिडकीतून हात करायच्या.

आमची शाळा मुलुंड पूर्वेची, मराठी माध्यमाची. बाई गणित शिकवायच्या, मी इंग्रजी. मी लागले तेव्हा त्यांच्या निवृत्तीला चार वर्षं उरली होती आणि माझी नोकरीची पहिली चार होती. पहिल्या दिवसापासून त्यांनी मला नावाने हाक मारली नाही. "ए इंग्लिश, इकडे ये गो." झालं. महिन्याभरात शिपाईसुद्धा 'इंग्लिशबाई' म्हणायला लागला. मी चिडायची, मग चिडणं सोडून दिलं. बाईंवर चिडून काही उपयोग नसायचा, कारण त्यांना ते कळायचंच नाही.

बाई मूळच्या मालवणकडच्या. वडील गिरणीत होते, गिरणी गेल्यावर परळ सुटलं आणि हे कुटुंब भांडुपला आलं. बाई अंगाने एवढ्याशा, सुती साडी आणि खाली पांढरे कॅनव्हासचे बूट. टाचा दुखतात म्हणून डॉक्टरांनी सांगितलेले, पण घालायच्या अशा ऐटीत की वाटावं कवायतीलाच निघाल्यात. खडू ठेवायच्या चष्म्याच्या जुन्या डबीत, आणि चष्मा मात्र पदराला पुसून पुसून पर्समध्ये तसाच टाकायच्या. खुर्चीवर बसायच्या नाहीत. "खुर्ची आजारी माणसाला," म्हणायच्या. स्टाफरूममध्ये डबासुद्धा खिडकीशी उभ्याने. बुधवारी डब्यात सुका बांगडा असायचा आणि त्या दिवशी निम्मी स्टाफरूम जिन्यात जाऊन जेवायची. बाईंना वाटायचं, सगळ्यांना जिन्यात वारा आवडतो.

उशिरा येणाऱ्या मुलांना इतर शाळांत उभं करतात, आमच्याकडे बाई गेटवर अडीचकी म्हणायला लावायच्या. अडीच एके अडीच, अडीच दुणे पाच, अडीच त्रिक साडेसात. दहापर्यंत बिनचूक म्हटली तरच आत. पोरं इतकी उशिरा यायची आणि इतकी वर्षं यायची की गेटसमोरच्या वडापाववाल्याला अडीचकी पाठ झाली. चुकलेल्या पोराला तो तळता तळता हळूच पुढचं सांगायचा. बाईंना ते माहीत होतं. "अजून एक विद्यार्थी," एवढंच म्हणायच्या.

आता माझं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी इंग्रजी माध्यमात शिकलेली. घरी मराठी, बोलणं मराठी, भांडण मराठी, पण आकडे इंग्रजी. पन्नासच्या पुढचे मराठी आकडे मला येत नाहीत. येत नाहीत म्हणजे, कुणी म्हटलं की वाटतं आले, आणि मग चुकतात. वर्गात पान क्रमांक मी इंग्रजीत सांगायची. इंग्रजीच्या बाई म्हटल्यावर ते खपून जायचं. गणिताच्या बाईंच्या नाकाखाली चार वर्षं मी हे लपवलं, आणि तेही स्वतःला मराठीची मोठी अभिमानी म्हणवून घेत!

आमच्या भागातल्या शाळांची एक प्रश्नमंजूषा असते, दरवर्षी एका शाळेत. एक समिती आहे, तिचे अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त प्राचार्य, कायम कडक इस्त्रीचे. यजमानपद फिरतं असं म्हणायचे, पण ते फिरायचं चार-पाच मोठ्या इंग्रजी शाळांमध्येच. आम्ही आपले पाहुणे. जायचं, तळाला यायचं, बर्गर खाऊन परत यायचं.

एका वर्षी घाटकोपरच्या शाळेत आमची सायली स्टेजवर होती. आठवीतली, हुशार, शांत पोर. तिची आई भांडुपला पोळीभाजी केंद्र चालवते. सूत्रसंचालक बाहेरून बोलावलेला, कोटबीट घातलेला. त्याने विचारलं, वनस्पती सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात त्या क्रियेला काय म्हणतात? सायलीने एका दमात सांगितलं, "प्रकाशसंश्लेषण." तो हातातल्या कार्डाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सॉरी, राँग आन्सर." पुढच्या टीमने 'फोटोसिंथेसिस' म्हटलं आणि टाळ्या पडल्या.

मी दुसऱ्या रांगेत होते. इंग्रजीची शिक्षिका. उठून दोन वाक्यं बोलायची होती, बस. नाही उठले. का नाही उठले याचं उत्तर मी स्वतःला बऱ्याच वेळा दिलंय आणि एकही उत्तर बरं नाही. बाई त्या दिवशी शाळेत परीक्षेवर होत्या. परतताना बसमध्ये सायलीने मला विचारलं, "टीचर, माझं उत्तर चूक होतं का?" मी म्हटलं, "नाही गं." ती म्हणाली, "मग?"

दुसऱ्या दिवशी बाईंना कळलं. त्या संतापल्या की मालवणीत जायच्या. "तुका बोलूक काय झाला?" एवढंच विचारलं आणि उत्तर न ऐकता वर्गावर गेल्या. मला वाटलं, शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

समितीच्या पुढच्या बैठकीला बाई मला सोबत घेऊन गेल्या, "इंग्रजी बोलायची वेळ आली तर" म्हणून. ती वेळ आलीच नाही. अध्यक्षांनी यजमानपदाचा विषय काढला आणि बाई उभ्या राहिल्या, म्हणजे उभ्या होत्याच, दोन पावलं पुढे गेल्या. "यंदा आमच्याकडे."

सगळे बघायला लागले. कुणीतरी गोड आवाजात विचारलं, "तुमच्याकडे हॉल आहे का?"

"दोन वर्ग आहेत. मधली लाकडी भिंत दुमडते."

"बझर सिस्टीम?"

"होईल."

"पण बाई," अध्यक्ष म्हणाले, "तुम्हीच का?"

बाई म्हणाल्या, "कारण आमच्याकडे शब्दावरून कुणाचा गुण जाणार नाही. प्रश्न दोन्ही भाषांत. उत्तर कुठल्याही भाषेत आलं तरी चालेल. गेला ना गुण शब्दावरून, तर पुन्हा कधी तोंड वर करून मागणार नाही." बैठकीत लिहिणाऱ्या कारकुनाला त्यांनी हे वाक्य इतिवृत्तात घ्यायला लावलं. शब्द दिला, तोही लेखी.

हेडसरांना शाळेत आल्यावर कळलं. त्यांनी कपाळाला हात लावला. पाचवीची एकच तुकडी उरलेली, पुढच्या वर्षी तीही भरेल की नाही ही धाकधूक, आणि त्यात बाईंनी सगळ्या मोठ्या शाळा घरी बोलावून ठेवलेल्या. "बाई, फजिती झाली तर?" "होऊ दे. आपल्या घरी होईल," बाई म्हणाल्या.

पुढचे दोन महिने आमची जी वरात निघाली! इलेक्ट्रिक बझर भाड्याने आणायला बाई तयार नाहीत. "दिवा कुणाचा आधी लागला ते चार माणसं वाद घालतात. कानाला कळतं." त्यांनी चार आवाज जमवले: शाळेची जुनी पितळी घंटा, सायकलची घंटी, टाळ आणि स्टीलचं ताट-चमचा. चिठ्ठ्या टाकून ज्याला जे येईल ते. शिवाय स्पर्धेत शाळांची नावं घ्यायची नाहीत, वाद्यांची घ्यायची. "नाव ऐकलं की माणूस नावाला गुण देतो." खायला बर्गर नाही, काळ्या वाटाण्याची उसळ आणि पाव. हेडसरांनी पुन्हा कपाळाला हात लावला.

गुणफलक म्हणजे साधा फळा. आणि गुण लिहिणार कोण? "इंग्लिश. हिचं अक्षर झकास आहे."

तेव्हाच बोलायला हवं होतं मी. पुन्हा नाही बोलले. घरी जाऊन तळहातावर पेनाने पन्नास ते नव्व्याण्णव लिहून काढले, कॉपी करणाऱ्या पोरीसारखे.

स्पर्धेच्या दिवशी लाकडी भिंत दुमडली गेली आणि दोन वर्गांचा खरंच हॉल झाला. पालक खिडक्यांच्या गजांना धरून बाहेरही उभे. लेखी फेरीतून चार संघ वर आले आणि त्यात आमचा होता! सायली, आता नववीत, आणि तिचे दोघे साथीदार. चिठ्ठीत आम्हाला पितळी घंटा आली. घाटकोपरच्या त्या शाळेला ताट आलं. मला वाटलं, आता रुसतील. कसले रुसतात, त्यांचा कॅप्टन, चष्मेवाला मुलगा, ताट असं काही बडवत होता की मधल्या सुट्टीतही सोडेना.

आणि बाई! मी बाईंना वर्गात रोज बघायची, पण त्या दिवशी बघतच राहिले. प्रश्न मराठीत, लगेच इंग्रजीत. मालवणी इंग्रजी, पण एक शब्द इकडचा तिकडे नाही. टाळवाल्या एका मुलीने उत्तर गुजरातीत दिलं. बाई म्हणाल्या, "थांब," प्रेक्षकांत विचारलं, "गुजराती कोणाला येतं?" तिघांनी हात वर केले, तिघांनी बरोबर म्हटलं, पाच गुण. अध्यक्ष पुढच्या रांगेत सरसावून बसले. घंटा, टाळ, ताट, सगळ्याचा असा गजर चाललेला की खालचा वडापाववाला गाडी सोडून वर आला होता. आमची शाळा, आमची दुमडलेली भिंत, आमची उसळ, आणि सगळा भाग तिथे जमलेला. माझा ऊर भरून आला होता, खोटं कशाला सांगू.

बरोबरला पाच गुण, चुकीला एक वजा. बाई हिशोब मनात ठेवायच्या, प्रेक्षकांकडे तोंड करून फेरीअंती बेरीज सांगायच्या आणि मी मागे फळ्यावर लिहायची. तिसऱ्या फेरीपर्यंत माझा तळहात घामाने आणि खडूने पार पुसून गेला होता. बाईंनी शेवटच्या फेरीआधीचे गुण सांगितले. "टाळ बासष्ट. सायकल चौऱ्याहत्तर." ते मी कसेबसे लिहिले. "ताट पंच्याऐंशी." ऐंशी आणि पाच, पंच्याऐंशी. सोपं. "घंटा एकोणऐंशी." ऐंशी आणि नऊ.

मी लिहिलं, ८९.

शेवटच्या फेरीत प्रत्येकाला एकच प्रश्न, दहा गुणांचा. ताटवाल्यांनी बरोबर सांगितलं. सायलीनेही बरोबर सांगितलं. मी फळ्यावर दहा-दहा मिळवले. बाई शेवटचा प्रश्न संपताच उसळ बघायला खाली पळाल्या होत्या. अध्यक्ष उठले, फळ्याकडे वळले आणि वाचलं, "नव्व्याण्णव विरुद्ध पंच्याण्णव! यजमान शाळा विजयी!"

काय कल्ला झाला म्हणून सांगू. हेडसर, जे कधी मोठ्याने शिंकत नाहीत, ते शिट्टी मारत होते. ट्रॉफी सायलीच्या हातात गेली. कुणाच्या लक्षात आलं असेलही, पण आपली शाळा जिंकत असताना उठून कोण बोलतं? सायली मात्र हसत नव्हती. ट्रॉफी धरून ती फळ्याकडे बघत होती.

बाई हातात उसळीचा डाव घेऊन दारात आल्या. फळा बघितला. गर्दीतून सरळ माझ्यापाशी आल्या.

"मी घंटेचे किती सांगितले होते?"

"एकोणऐंशी."

"आणि तू काय लिहिलंस?"

मी फळ्याकडे बघितलं, आणि त्या क्षणी मला कळलं.

"एक ऊन ऐंशी गो. ऐंशीला एक कमी," बाई हळू म्हणाल्या. रागावल्याही नाहीत.

हेडसर तोवर आले होते आणि त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी बाईंचा हातच धरला. "बाई, हात जोडतो. पहिल्यांदा आलीय ट्रॉफी. बाहेर पालक बघतायत. कुणाला कळलेलं नाही. राहू द्या."

मीही म्हटलं. होय, मीही म्हटलं, "बाई, राहू द्या ना."

बाईंनी आम्हा दोघांकडे पाहिलं. "गेल्या वर्षी आपला शब्द त्यांना कळला नाही म्हणून आपण हरलो. यंदा आपला शब्द आपल्यालाच कळला नाही म्हणून जिंकायचं?"

हेडसरांनी हात सोडला.

बाई आधी माइककडे नाही गेल्या, सायलीकडे गेल्या. काही सांगायच्या आतच ती म्हणाली, "बाई, आपले एकोणनव्वद व्हायला हवेत ना? मला वाटलं, मीच मोजायला चुकले." तिचा एक साथीदार रडायलाच लागला. "रडतंस कित्याक?" बाई म्हणाल्या आणि स्वतःच्या पदराने त्याचं नाक पुसलं. मग माइक हातात घेतला. "थांबा सगळे. फळ्यावर एक आकडा चुकलाय."

आणि मला सायलीचं ते बसमधलं 'मग?' ऐकू आलं. मी गेले आणि बाईंच्या हातातून माइक घेतला. म्हटलं, "आकडा मी चुकवला. बाईंनी बरोबर सांगितला होता. मी मराठी शाळेत शिकवते आणि मला पन्नासच्या पुढचे मराठी आकडे येत नाहीत. घंटेचे एकोणनव्वद आहेत. ताट जिंकलंय."

कुणी हसेल म्हणून मी डोळे मिटून घेतले. पहिला आवाज आला तो त्या चष्मेवाल्या मुलाचा. "टीचर, मला पण एटी-नाइनच वाटलं!" मग मात्र हॉल हसला, पण ते हसणं मला लागलं नाही. सायली उठली, ट्रॉफी घेऊन ताटाच्या टेबलापाशी गेली आणि त्याच्यासमोर ठेवली. कुणी सांगितलं नव्हतं तिला. पोरीने मान ताठ ठेवली होती. मला आजही सांगताना भरून येतं.

दुसरं कुणी असतं तर बक्षीस समारंभ पुढे नेला असता. बाईंनी खडू घेतला. "बसा," म्हणाल्या. अध्यक्ष, संस्थेचे विश्वस्त, इंग्रजी शाळांच्या प्राचार्या, सगळे बसले. बाईंनी भर समारंभात तास घेतला! "तिसाला एक कमी?" "एकोणतीस!" "साठाला एक कमी?" "एकोणसाठ!" गजाला धरलेले पालकसुद्धा ओरडत होते. चष्मेवाला हात वर करून म्हणाला, "मग हंड्रेडला एक कमी, एकोणशंभर का नाही?"

बाई थांबल्या. त्यांचा चेहरा असा काही फुलला! "हे मला माहीत नाही रे," त्या म्हणाल्या, "पण प्रश्न पहिल्या नंबरचा आहे." आणि त्याला स्वतःच्या हाताने उसळ वाढली, इतरांच्या आधी.

पंधरा दिवसांनी समितीची बैठक झाली. जाताना मला धडकी भरली होती. बाईंचा शब्द इतिवृत्तात होता, आणि गुण तर शब्दावरूनच घोटाळला होता. म्हटलं, आता आमची शाळा कायमची पाहुणी. पुढची स्पर्धा घाटकोपरला ठरली. तेव्हा तिथल्या प्राचार्या म्हणाल्या, "आमची एक अट आहे. गुण लिहायला माणूस ह्यांच्या शाळेचं हवं." अध्यक्षांनी मान हलवली. "यापुढे स्पर्धा कुठेही होवो, गुण त्या शाळेने लिहायचे. घ्या इतिवृत्तात."

बाईंनी लगेच माझ्याकडे बोट केलं. "ही येईल."

"बाई, अहो मी? मीच तर वाट लावली!"

"म्हणूनच. ज्याला येतं तो विचारत नाही. तू चारदा विचारशील."

त्याच वर्षी बाई निवृत्त झाल्या. मी घाटकोपरला एकटी गेले. एसी हॉल, मोठा पडदा, सहाशे माणसं, आणि स्टेजच्या कडेला फळ्यापाशी मी. दोन फेऱ्या नीट गेल्या. तिसरीत सूत्रसंचालकाने मराठीत भरभर गुण सांगितले आणि त्यातला एक आकडा माझ्या कानावरून गेला. मला बहुतेक कळला होता. बहुतेक. मी हात वर केला आणि म्हटलं, "परत सांगा." मागे कुणीतरी खुदकन हसलं, आणि तो सूत्रसंचालक घड्याळाकडे बघत पुढचा प्रश्न वाचायलाच लागला.

पहिल्या रांगेतून अध्यक्ष उठून उभे राहिले.

"थांबा," ते त्याला म्हणाले. "त्या शाळेच्या बाई विचारतायत."

आणि अख्खा हॉल थांबला.